कामगंध सापळ्यांची वही: राळेगाव तालुका, एक खरीप

१४ जून

आज तिन्ही वावरांची आखणी उरकली. मोबाईलचं जीपीएस ऐनवेळी गंडलं, म्हणून शेवटी दोरी, खुंट्या आणि चुन्याची फक्की. काकाजी धुऱ्यावर (बांधावर) बसून बघत होते. "सायेब, तुमच्या मशीनपेक्षा माहे पाय बरे," म्हणाले आणि चालून दाखवलं. दोरीशी ताडून पाहिलं तर दीड पावलाचाच फरक.

काम असं आहे. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे पतंग कामगंध, म्हणजे वासाच्या, सापळ्यात मोजायचे आणि त्यावरून फवारायचं की नाही ते ठरवायचं. प्रत्येक वावरातला एक एकर घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे. एका भागात शेतकरी दरवर्षी फवारतो तसाच फवारेल. दुसऱ्या भागात मोजल्याशिवाय पंप उचलायचा नाही. वहीत पहिल्याला 'रीत' म्हणतोय, दुसऱ्याला 'मोज'. वावरांनाही नावंच ठेवली आहेत: नाल्याकडचं (काकाजींचं), रोडालगतचं आणि टेकडीखालचं. आकड्यांनी ओळखायला गेलो की माझा घोळ होतो, मागच्या वर्षी झाला होता.

एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवतो. अर्धा एकर म्हणजे बोंडअळीच्या पतंगाला काहीच नाही. त्याला धुरा कळत नाही, चुन्याची रेघ तर मुळीच नाही. त्यामुळे सापळ्यातले आकडे दोन्ही भागांत सारखेच येणार. फरक दिसलाच तर तो बोंडं फोडल्यावर दिसेल. मोठे भाग घ्यावेत असं प्रकल्पाच्या सरांना म्हटलं होतं. पण कोण शेतकरी तीन एकर आपल्या प्रयोगाला देणार? तेही खरंच.

२३ जून

पाऊस झाला. ७५ ते १०० मिलिमीटर पडून जमीन मुरल्याशिवाय बियाण्याला हात लावायचा नाही, हे तिघांनी पाळलं. रोडालगतच्या भाऊंची सगळ्यात जास्त चुळबूळ होती, कारण पलीकडच्या वावरात विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यातच कपाशी लावून झाली होती. ते वावर आपल्या प्रयोगात नाही, पण त्याचा त्रास आपल्याला होणार. जमिनीत आणि ढिगांत दडलेल्या कोषांतून पतंग निघतो तेव्हा त्याला पाती-फुलं मिळाली तर त्याची पहिली पिढी तिथेच उठते. मिळाली नाहीत तर अंडी घालायला जागाच नसते, पतंग तसाच मरतो. १ जूनच्या आधी लावू नका, या एका वाक्यामागे एवढंच आहे.

टोबणी करताना बियाण्याच्या पिशवीवरून गप्पा निघाल्या. पूर्वी ४५० ग्रॅम बीटी (जिच्या झाडातच बोंडअळीचं विष असतं ती कपाशी) बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटीचं वेगळं पाकीट यायचं. काकाजी म्हणाले, ते गायीच्या सरकीत जायचं, कधी उकिरड्यावर. लावायला सांगितलं होतं ते कडेच्या ओळींत. त्या साध्या पराटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, वाढलेले पतंग बीटीवर वाचलेल्या एखाददुसऱ्या पतंगाशी जुगावेत आणि विषाला न जुमानणारी औलाद वाढू नये, यासाठी. हे त्या पाकिटावर कुणी असं समजावून लिहिलं नव्हतं. काही पाकिटांत तर तूर असायची. हिरव्या बोंडअळीसाठी तूर चालते. गुलाबी अळीला कपाशीच लागते, फार तर भेंडी.

९ जुलै

खाडे भरले, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा बी टाकलं. टेकडीखालच्या वावरात उगवण पातळ, मुरमाड पट्टा आहे. बाकी नोंदण्यासारखं काही नाही. एसटी दोन तास उशिरा.

२४ जुलै

अमावस्या. काकाजींनी आज आपलं शास्त्र सांगितलं. "अमोश्येले किडा अंडे टाकते. दोन दिवस सोडून फवारा माराचा. माहा बाप हेच करे, मीबी हेच करतो."

हे नुसतं काकाजींचं नाही, गावात सगळे हेच मानतात. कृषी केंद्रातही अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी गर्दी असते. मी लगेच 'नाही' म्हणायला गेलो नाही. अंधाऱ्या रात्री काही पतंग जास्त हिंडतात, हे खोटं नाही. दिव्याच्या सापळ्यात पौर्णिमेला पतंग कमी येतात, पण त्याचं एक कारण असंही आहे की चांदण्यापुढे दिवा फिका पडतो. म्हणजे पतंग कमी झाले की दिव्याचा प्रभाव कमी झाला, हे दिव्याच्या सापळ्यावरून सांगता येत नाही. आपला सापळा वासाचा आहे, चांदण्याचा त्याच्याशी तसा थेट संबंध नाही. वहीच्या समासात प्रत्येक अमावस्या-पौर्णिमेला खूण करायची ठरवलं. काकाजींना म्हटलं, आपण दोघंही बघू. ते हसले. त्यांच्या मते बघायचं फक्त मलाच बाकी आहे.

५ ऑगस्ट

सापळे लावले. प्रत्येक भागात एक, एकूण ६. नरसाळ्याचा सापळा, खाली प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, वर गोळी. बांबू असा रोवायचा की सापळा पराटीच्या शेंड्याच्या फूटभर वर राहील; पराटी वाढेल तसा तो सरकवायचा.

गोळीला 'गॉसीप्लुअर' म्हणतात. मादीच्या अंगाला येणारा वास माणसाने कारखान्यात बनवलाय. नर त्या वासाने येतो आणि नरसाळ्यातून खाली पडतो. सापळा मादीला धरत नाही, म्हणून 'सापळ्यानं अळी संपते का' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर. एकरी दोन सापळे म्हणजे फक्त घड्याळ. किती वाजले ते सांगेल, काम आपल्यालाच करायचं.

आज एक चूक केली. पिशवीत हिरव्या बोंडअळीच्या गोळ्याही होत्या, दुसऱ्या गावासाठीच्या. दोन्ही एकाच हातानं काढल्या, वर हाताला खर्रा, तंबाखू-सुपारीचा. पहिले दोन सापळे लावून झाल्यावर लक्षात आलं. त्या दोन गोळ्या काढून टाकल्या, हात राखेनं धुतले, नव्या लावल्या. गोळ्या मोजून आल्या होत्या, आता सप्टेंबरअखेर दोन कमी पडतील. खर्रा सोडायला आणखी एक कारण.

१३ ऑगस्ट

तुडतुडे. पानं कडेनं पिवळी, टेकडीखालच्या वावरात जास्त. शेतकरी घाबरलेत. पानं उलटी करून मोजली: वरची, मधली, खालची अशी झाडामागे तीन पानं, वीस झाडं. नाल्याकडे पानामागे एकाहून कमी पिल्लू. टेकडीखाली दोनच्या वर, म्हणजे उंबरठ्याशी (कीड इतकी झाली की फवारायचं, ती हद्द). तिथल्या 'मोज' भागात ५ टक्के निंबोळी अर्क मारला. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, फडक्यातून पिळून, शंभर लिटर पाण्यात, थोडा साबणाचा चुरा. वास असा की परतीच्या जीपमध्ये शेजारचा माणूस सरकून बसला.

'रीत' भागांत तिघांनीही दोन औषधं एकत्र करून मारली. त्यात ढालकिडे गेले, म्हणजे कीड खाणारे आपले मित्र. दुसऱ्या दिवशी 'मोज'मध्ये वीस झाडांवर अकरा ढालकिडे आणि कोळी बरेच. 'रीत'मध्ये एक ढालकिडा, तोही धुऱ्याजवळ. पहिले साठ दिवस जहाल औषध मारू नका असं सांगण्याचं कारण हेच, पण पिवळं पान रोज डोळ्यांसमोर असतं, ढालकिडा शोधावा लागतो.

२२ ऑगस्ट

पोळा. अमावस्याही. बैलांना बेगड, झूल, काकाजींच्या दारात तोरण. सगळ्यांचं जेवण होईस्तोवर सहाही सापळे बघून आलो: ०, १, ०, ०, २, ०. पुरणपोळी खाताना काकाजींना आकडे सांगितले. "आज नाही, परवा," म्हणाले.

२५ ऑगस्ट

परवाच्या दुसऱ्या दिवशी: १, ०, ०, १, १, ०. 'रीत'मध्ये काकाजींनी फवारा मारला. प्रयोगाच्या दृष्टीनं तेच बरोबर. ती रीत आहे, मी अडवायचं नाही. तरी पंपाचा आवाज ऐकत बसणं कठीण जातं.

४ सप्टेंबर

पहिली डोमकळी. नाल्याकडचं वावर, 'मोज' भाग, चौथ्या तासात, म्हणजे ओळीत.

लांबून गुलाबाची कळी वाटते. कपाशीचं फूल सकाळी पसरट उमलतं, हे मात्र मिटलेलं, पाकळ्यांची टोकं पिळून एकत्र आलेली. बोटांनी ओढलं तर पाकळ्या सुटत नाहीत, आतून रेशमासारख्या धाग्यानं शिवलेल्या असतात. नखानं फाडलं. आत परागांचा पिवळा भुगा, ओलसर, आणि त्यात तांदळाच्या कणीएवढी अळी. पांढुरकी, डोकं काळपट. काकाजींचा नातू म्हणाला, "हे तं गुलाबी नाही." नसतेच. रंग मोठेपणी चढतो. लोक गुलाबी अळी शोधतात आणि पांढरी सोडून देतात.

शंभर फुलांत चार डोमकळ्या. दहा टक्क्यांच्या खाली. तोडून पिशवीत भरल्या, नातवाला एक रुपयाला एक असा भाव ठरवला. संध्याकाळपर्यंत त्यानं एकोणीस आणल्या. त्यात सहा चांगल्या फुलांच्या पाकळ्या पिळून केलेल्या होत्या. पैसे तेराचेच दिले.

११ सप्टेंबर

ट्रायकोकार्ड आली. आली म्हणजे वाया गेली. एका कार्डावर वीस हजार अंडी, एकरी तीन कार्डं. ही अंडी तांदळावरच्या पतंगाची असतात. त्यांच्या पोटात ट्रायकोग्रामाटॉइडिया हे गांधीलमाशीच्या जातीचं, मिलिमीटरहून लहान चिलट वाढतं. ते बाहेर पडून बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालतं. बोंडात शिरायच्या आधीच अळीला गाठणारा हा एकच उपाय माझ्या ओळखीचा आहे.

पाकीट तीन दिवस वाटेत, एक दिवस गाडीच्या टपावर. लिफाफा उघडला तर आतल्या बाजूला काळी धूळ हलत होती. सगळी निघून बसली होती. काकाजींच्या घरी, काकूंच्या ओसरीत उघडलं, मग ओसरीभर. "हे आता मही बोंडअळी खाईन का?" काकूंनी विचारलं. म्हटलं, वावर इथून अर्धा मैल आहे, ह्यांना तेवढं उडता येत नाही.

पुन्हा मागवली, पण वेळ निघून गेली. वहीत 'ट्रायकोकार्ड: दिली नाहीत' असंच लिहितो.

२३ सप्टेंबर

परवा सर्वपित्री अमावस्या झाली. आज जे व्हायचं नव्हतं ते झालं.

मी तालुक्याच्या गावी गेलो होतो. रोडालगतच्या भाऊंनी 'रीत' भाग फवारायला मजूर सांगितला आणि स्वतः बँकेत गेले. मजुरानं चुन्याची रेघ बघितली नाही, तीही पावसानं केव्हाच धुऊन गेली होती. त्याच्याकडे पंपात औषध उरलं होतं, ते 'मोज' भागात मारून टाकलं. दहा ओळी फवारून झाल्या, मग काकूंनी धुऱ्यावरून हाक मारली म्हणून थांबला.

संध्याकाळी भाऊ माझ्यासमोर मान खाली घालून उभे. खरं तर चूक माझी. पावसानंतर रेघ पुन्हा ओढायची ती मी ओढली नाही. खुंट्यांना लाल चिंध्या बांधल्या असत्या तरी भागलं असतं.

आता त्या भागाचं काय? एक वाट अशी की हे वावर यादीतून काढायचं. दुसरी, गप्प बसायचं. दहा तास म्हणजे 'मोज' भागाचा निम्म्याहून कमी हिस्सा, आणि त्यावेळी सापळ्यात तीन-चारच पतंग, म्हणजे परिणाम तसा मोठा नाही. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. सरांना फोन केला. ते म्हणाले, फवारलेले तास सोडून उरलेल्यांत बोंडं मोज, आणि तसं लिही. तसं करतोय. चिंध्या आज रात्रीच बांधल्या, टॉर्च लावून.

७ ऑक्टोबर

काल कोजागरी. पौर्णिमेचे आकडे समासात: ५, ४, ३, ५, ६, ४. चढ आहे. काकाजींच्या हिशेबानं पौर्णिमेला शून्य यायला हवं होतं. त्यांना दाखवलं. "हे थे पतंग नसन," म्हणाले. पिशवी उघडून हातावर ठेवला: करडा, पंखांवर काळपट ठिपके, कडेला झालर. बराच वेळ बघत राहिले. बोलले काहीच नाहीत.

१२ ऑक्टोबर

नाल्याकडच्या 'मोज'मध्ये ६. कालही ६.

१३ ऑक्टोबर

आज ७. उंबरठा असा: सलग तीन रात्री, सापळ्यागणिक रात्रीला ८ पतंग. म्हणजे अजून फवारा नाही. काकाजींना तसं सांगितलं. काकू चुलीजवळून म्हणाल्या, "सात नाही जी. दहा व्हते."

म्हटलं, कधी?

"सकायी. झाडून झाल्यावर जातो मी."

आत जाऊन त्यांनी मिसळणाचा जुना डबा आणला. स्टीलचा, झाकण चेपलेलं, आत सात वाट्या. हळद-तिखटाचे डाग अजून होते. वाट्यांत चिंचोके. सोमवारची वाटी झाकणाच्या खाचेजवळची, तिथून पुढे ओळीनं रविवारपर्यंत. रोज पहाटे वावरात जायचं, पिशवीतले पतंग बाहेरूनच मोजायचे, तेवढे चिंचोके त्या दिवसाच्या वाटीत. आठवडा फिरला की पुन्हा पहिल्या वाटीपासून, त्या त्या वाटीतले जुने चिंचोके डब्याच्या झाकणात काढून. पिशवीला हात लावायचा नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणून त्यांनी कधी लावला नाही.

शनिवारच्या वाटीत ९. रविवारच्यात ९. आज १०.

माझ्या वहीत ६, ६, ७.

काकूंना विचारलं, हे कशाला करता? "फवाराले पोरगा जातो ना माहा," म्हणाल्या. "किती किडा हाये थे मले माईत पाह्यजे."

१४ ऑक्टोबर

साडेपाचला काकूंबरोबर गेलो. अंधार होता, दव इतकं की पँट मांडीपर्यंत भिजली. पिशवीत ९ पतंग, काही अजून फडफडत. काकू म्हणाल्या, थांबा. साडेसातला ऊन बांबूवर आलं आणि मुंग्यांची ओळ दिसली. खालून वर, नरसाळ्याच्या दांड्यावरून, पिशवीच्या गाठीतून आत. नऊ वाजता मोजले: ७, आणि तळाशी नुसते पंख. मी येतो तो नऊ-दहाला, पहिल्या एसटीनं.

म्हणजे दोन महिने सहाही सापळ्यांवर मी मुंग्यांनी सोडलेले पतंग मोजत होतो.

लगेच वीस हिरवी बोंडं तोडली, कोणत्याही झाडाची, न निवडता. वरून सगळी धडधाकट; अळी आत गेल्यावर भोक बुजून जातं, बोंड बाहेरून काही सांगत नाही. विळ्यानं चिरली. तीन बोंडांत अळी. वीसात दोन म्हणजे दहा टक्के हाच उंबरठा, इथे पंधरा झाले. काकूंचा डबा बरोबर, वही चूक.

फवारा आजच ठरला. एकच औषध, शिफारशीच्या मात्रेत, कॉकटेल नाही. मुलाला मास्क, चष्मा, हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट. वारा पाठीशी ठेवून, ऊन उतरल्यावर. मास्क लावायला तो लाजत होता. काकूंनी त्याला २०१७ ची आठवण दिली. त्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, दवाखान्यात रांगा लागल्या होत्या. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली दाट पराटी, दमट हवा आणि एकाच पंपात दोन-तीन औषधं. या घरात त्यावर जास्त बोलत नाहीत. मुलानं मास्क लावला.

१५ ऑक्टोबर

सहाही बांबूंना खालून वीतभर ग्रीस फासलं. ट्रॅक्टरवाल्याकडून डबा मागून आणला. इतका साधा उपाय.

सरांना सगळं लिहून पाठवलं. जुने आकडे एखाद्या पटीनं वाढवून घ्यावेत का, असं विचारलं होतं. उत्तर आलं, नाही. मुंग्या रोज सारख्या खात नाहीत. ५ ऑगस्ट ते १४ ऑक्टोबर या आकड्यांवर 'कमी मोजलेले' असा शेरा मारायचा आणि ते उंबरठ्याच्या निर्णयासाठी वापरायचे नाहीत. दुखलं, पण हेच सरळ आहे. पोळ्याचे ०, १, ०, ०, २, ० घेऊन काकाजींपुढे मी केवढा मिरवलो होतो. तेव्हा मुंग्या किती होत्या कुणास ठाऊक. डोमकळ्या चारच टक्के होत्या, म्हणजे पतंग फार नसावेत. पण 'नसावेत' आणि 'नव्हते' यात फरक आहे, आणि तो मी काकाजींना आज जाऊन सांगितला. खूश झाले.

२८ ऑक्टोबर

दिवाळीच्या अमावस्येला (२१ तारीख) काकूंच्या वाटीत ३. पण आधीच्या आठवड्यात फवारा झालेला, म्हणून अमावस्येबद्दल यातून काही काढता येत नाही. समासातली खूण तशीच राहू दे.

आज बोंडं फोडताना काकाजींच्या मुलानं विचारलं, "बीटीत तं बोंडअळीचं औषध आतच असते. मग हे काऊन?" प्रश्न बरोबर आहे. ओट्यावर बसून सरक्यांनीच समजावलं.

बीटी कपाशी आपल्याकडे २००२ साली आली, एका जनुकाची. दोन जनुकांची २००६ साली. मार्च २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत एका जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी सापडल्याचं जाहीर झालं. पुढे दोन्हींचाही धाक गेला. आपल्याकडचं बियाणं हायब्रिड असतं. दोन झाडांच्या संकरातून आलेलं, त्यातल्या एकाचंच जनुक घेतलेलं. ते झाड सगळं विषारी, पान-फूल-बोंडाची साल. पण त्या झाडाच्या बोंडात जी सरकी धरते ती पुढची पिढी. तिथे जनुक वाटून जातात, भावंडांत जमीन वाटतात तसे.

सोळा सरक्या ओळीनं मांडल्या. नऊ बाजूला काढल्या: यांत दोन्ही विषं. तीन: पहिलंच. तीन: दुसरंच. उरली एक: तिच्यात काहीच नाही. गुलाबी अळी सरकी खाते, पान नाही. म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी, निम्मी विषारी आणि बिनविषारी असं ताट वाढून ठेवलेलं. थोडं थोडं विष खाऊन जी जगली तिची औलाद तगडी.

मुलगा त्या सोळाव्या सरकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपणच पोसली." मी काही बोललो नाही. बियाणं त्यानं निवडलेलं नाही, वाटून आलेलं आहे.

१९ नोव्हेंबर

दुसरी वेचणी. बाया किलोवर वेचतात, त्यामुळे कवडी (अळीनं खराब केलेला कापूस) वेगळी ठेवायला सांगितली की चिडतात, आणि बरोबरच चिडतात. त्यांना कवडीचेही तेवढेच पैसे देऊ असं ठरवल्यावर दोन गोणे वेगळे झाले.

'मोज' भागांत या महिन्यात आणखी एक फवारा, नाल्याकडे आणि रोडालगत. टेकडीखाली गरज पडली नाही.

३० नोव्हेंबर

हिशेब. निंबोळी अर्क धरून 'मोज'मध्ये फवारे एक किंवा दोन (नाल्याकडे दोन, रोडालगत दोन, टेकडीखाली फक्त अर्काचा एक). 'रीत'मध्ये पाच, पाच आणि सहा. रोडालगतच्या 'मोज'मध्ये सप्टेंबरात चुकून झालेला फवारा वेगळ्या शाईनं. कापूस नाल्याकडे दोन्ही भागांत जवळजवळ सारखा, टेकडीखाली 'मोज'मध्ये थोडा कमी. तो मुरमाड पट्टा 'मोज'च्याच वाट्याला आला होता, हे पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं. एका हंगामाच्या तीन वावरांतून यापेक्षा जास्त बोलणार नाही.

ग्रीस लावल्यापासून वही आणि डबा जुळतात. दीड महिन्यात फरक फक्त चार दिवशी, तोही एका-दोघांचा. त्यातल्या एका दिवशी चूक माझी होती. मी दुसऱ्या वावराचा आकडा इथे लिहिला होता.

रविवारचा रकाना मी आजवर शनिवारचाच आकडा उतरवून भरायचो, रविवारी एसटी नसते म्हणून. १५ ऑक्टोबरपासून नाल्याकडच्या वावराचे रविवार काकूंच्या वाटीतले खरे आकडे आहेत. बाकी दोन वावरांचे रविवार खोडून रिकामे ठेवले.

२९ डिसेंबर

शेवटची वेचणी झाली. आता फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी पाणी देऊन पुढे राखणं. रोडालगतच्या भाऊंकडे विहिरीला पाणी आहे, ते म्हणतात, दोन पाणी देऊन आणखी दीड-दोन क्विंटल निघेल. निघेलही. पण या वेळच्या अळ्या लगेच कोषात जात नाहीत, सरक्या एकमेकींना चिकटवून त्या जोडसरकीत झोपतात, थेट पुढच्या पावसापर्यंत. फरदड म्हणजे त्यांचं अंथरूण. भाऊंनी ऐकून घेतलं. सोमवारी सांगतो म्हणाले. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं सांगता येत नाही.

काकाजींनी वावर मोकळं केलं, धनगराच्या मेंढ्या बसवल्या. राहिलेली बोंडं मेंढ्यांनी साफ केली. पराटी मात्र उपटून घरामागे रचली, दरवर्षीसारखी. म्हटलं, यात अळी आहे. श्रेडर आणून बारीक करून वावरात टाकू, कुजून खत होईल.

काकू म्हणाल्या, "मंग चूल कायनं पेटवू?"

सिलिंडर आहे घरात. भरून आणायला पैसे लागतात. याला माझ्या प्रकल्पात रकाना नाही. शेवटी ठरलं ते असं: बोंडं असलेले शेंडे तोडून वेगळे करायचे आणि ते आधी जाळायचे, जाड खोडं सरपणाला, पण सगळं सरपण पावसाच्या आधी संपवायचं. शेंडे तोडायला मी आणि मुलगा दोघं. दोन दिवस गेले, हाताला फोड.

१२ जानेवारी

भाऊंनी फरदड ठेवली नाही. पाणी हरभऱ्याला दिलं.

काकाजींच्या घरामागच्या ढिगाजवळ एक सापळा रोवला, विकत आणलेल्या गोळीचा. बांबूला ग्रीस. प्रकल्पात हा सापळा नाही, माझ्या खर्चातला. आज पहाटे २ पतंग. काकाजी येऊन बघून गेले, अमावस्या कधी आहे ते विचारलं. आठवडाभरानं, म्हटलं.

काकूंनी डबा घासून ठेवला होता, मिसळण भरायला. चिंचोके शोधून पुन्हा काढले. पहिल्या वाटीत दोन.